एकविसाव्या पानावरचे तीन ठिपके

१२ जानेवारी
आईचं आणखी एक पुस्तक संपलं. स्टेशनच्या गावात खानावळ चालवणाऱ्या बाईची कादंबरी. नवरा वाईट नाही. पीत नाही, मारत नाही. फक्त तिच्याशी बोलत नाही. एके दिवशी ती कणीक भिजवते, वर ओलं फडकं झाकते, हात धुते आणि निघून जाते. कुठे, ते लेखकाने सांगितलेलं नाही. 
एकविसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात आईचे तीन ठिपके होतेच. पेन्सिलीचे, हलके.
लिहून ठेवतो, पुढे विसरायला नको. टाउनशिपच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात जुने वाचक अशी खूण करतात. तेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून. प्रत्येकाचं पान ठरलेलं, खूण ठरलेली. कुणाची फुली, कुणाचा त्रिकोण. वाचनालय बघणाऱ्या थत्तेकाकू सगळ्यांवर रागावतात आणि स्वतः एकोणपन्नासाव्या पानावर चांदणी काढतात. आजारपणात आई गेल्यावर तिच्या उशाशी राहिलेलं पुस्तक परत करायला गेलो, तेव्हा त्यांनीच हे सांगितलं. तिथेच उभ्या उभ्या पानं उलटली. एकविसाव्यावर तीन ठिपके. तेव्हापासून कपाटं शोधतो आहे. ठिपके असलेलं तेवढंच घरी आणतो.
आ. ब. (आजचं बरं. दिवा मालवताना आई एक तरी म्हणायला लावायची): दुकानातलं झेरॉक्स मशीन दिवसभर अडकलं नाही.

१९ जाने.
बाबा मार्चअखेर कारखान्यातून रिटायर. क्वार्टर सोडायचं. कोटऱ्यात दोन खोल्या बघून आले. म्हणाले, "हवा चांगली आहे." तिथून मी कामाला जातो ते एमपी नगरचं झेरॉक्सचं दुकान जवळ पडेल, हे खरं. पण वाचनालय दुसऱ्या टोकाला. दोन मिनीबस बदलून कोण येणार, तेही रविवारच्या दोन तासांसाठी. म्हणजे मार्चपर्यंतच. तेवढ्यात जमतील तेवढी वाचायची.
आ. ब.: सुचलं नाही.

२६ जाने.
सुट्टी. परेडचा आवाज येत होता. दुसरं पुस्तक: दीपगृहावर राहणाऱ्या नवराबायकोचं. ती रोज समुद्राशी बोलते, कारण घरात बोलायला कुणी नाही. शेवटी ती होडीत बसते. हीसुद्धा जाते! मागचीही गेली होती. त्याच्या मागची माहेरी गेली ती आलीच नाही.
आई, तू हे शोधत होतीस का?
बाबा ड्यूटीवरून येतात, बूट काढतात, पेपर उघडतात. आई चहा ठेवायची, ते "हं" म्हणायचे. लहानपणापासून हेच पाहिलं आणि मला ते घर वाटायचं.

२ फेब्रुवारी
आज जेवताना बाबा म्हणाले, "आमटी तुझ्या आईसारखी जमली रे, नंदू."
मी म्हटलं, "तिला सांगितलं होतंत कधी?"
त्यांनी घास खाली ठेवला. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. म्हटलं, "तुम्ही आईशी कधी बोलायचात का? बाबा, तिला इथून निघून जायचं होतं. तुम्हाला कळलंसुद्धा नाही."
"कुणी सांगितलं तुला?"
"तिनेच."
त्यांनी ताट उचलून मोरीत ठेवलं. विसळलंसुद्धा.
पण खोटं काय बोललो?

८ फेब्रु.
बाबा आणि मी, कामापुरतं. "दूधवाला आला." "किल्ली ठेवली." त्यांनी शेव आणली माझ्यासाठी, जाड, लवंगेची. पुडी तशीच आहे ओट्यावर.

१५ फेब्रु., रविवार
नीट लिहायचा प्रयत्न करतो.
वाचनालयात गेलो. बाकावर सबनीसकाका बसले होते. कारखान्यातून केव्हाच रिटायर झालेले फिटर, सोनागिरीत एकटे राहतात. आवाज असा की थत्तेकाकू म्हणतात, "सबनीस, हे वाचनालय आहे, फौंड्री नाही." ते म्हणतात, "बहनजी, फौंड्रीत मी गप्प असायचो."
पुस्तक परत करायला आणलं होतं त्यांनी. खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, जिभेला लावला, पान उघडलं. टक, टक, टक. तीन ठिपके.
मी जवळ जाऊन पाहिलं. एकवीस.
"क्यों भई, भूत दिखा क्या?" काका म्हणाले.
मी विचारलं, ही तुमची खूण?
"और किसकी? वीस वर्षं झाली."
मी कपाटातून खानावळीवालं काढून आणलं. म्हणाले, "हां, माझेच. चांगलं आहे ते. वाचलंस?" दीपगृहावालंही त्यांचंच. उशाशी होतं तेही. आईच्या आधी त्यांनी नेलं होतं, एवढंच.
मी म्हटलं, "मला वाटलं, आईचे आहेत." एवढंच म्हणालो आणि सगळ्यांसमोर रडू आलं. थत्तेकाकूंनी पाणी दिलं.
काका मला बाहेर पायरीवर घेऊन गेले. तपकिरीची डबी उघडली, तशीच बंद केली. म्हणाले, "मग असू देत की तिचेच. मी पुढच्यापासून दुसरी खूण काढतो. अपना क्या जाता है."
विचारू नये, तरी विचारलं. काका, तुम्ही हीच का वाचता? निघून जाणाऱ्या बायकांची?
"आमच्या घरातून एक गेली ना. चिठ्ठी नाही, भांडण नाही. कुकर लावून गेली होती. का गेली, ते कुठल्या पुस्तकात सापडतं का बघतो." मग म्हणाले, "अजून तरी नाही सापडलं, बेटा."

१६ फेब्रु.
दुकानात कोचिंगच्या नोट्सचे तीन गठ्ठे उलटे बाइंड केले. मालक ओरडले. बरोबर ओरडले.
म्हणजे समुद्राशी बोलणारी आई नव्हती. होडीत बसणारीही. कणीक झाकून जाणारी तर नव्हतीच. एवढे दिवस मी एका अनोळखी माणसाच्या दुःखात राहिलो आणि त्याला आई म्हणत होतो. ती दुसऱ्यांदा गेली असं वाटतं.
आणि बाबांना जे बोललो ते.

१ मार्च
पंधरा दिवस पुस्तक उघडलं नाही. रविवारी वाचनालयावरून गेलो, आत नाही.
आ. ब.: सायकलची चेन पडली तेव्हा एका कँटीनवाल्याने न सांगता सायकल धरली. आईला हे चाललं असतं. ती अशीच छोटी मागायची. "मोठं नको, नंदू, आजचंच सांग." अकरावी अर्धवट सोडून तिच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू केल्या, तेव्हाही रोज विचारायची. मी चिडायचो. मग ती स्वतःचं सांगायची: आजच्या नर्सचे हात गरम होते.

११ मार्च
बाबांना विचारलं. धीर करून. आई वाचनालयाच्या पुस्तकात कुठली खूण करायची?
"खूण? ती कसली खूण करते." पेपर खाली घेतला. "तेच पुस्तक तीन-तीनदा आणायची. निम्म्यात आली की म्हणायची, अहो, हे वाचलंय मी. मी म्हणायचो, मग परत कर. तर म्हणायची, आता एवढं वाचलंय तर शेवट बघते." आणि हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. "शेवट माहीत असायचा गं बाई तुला, म्हणायचो मी."
"गं बाई" म्हणायचे बाबा. मला हे माहीत नव्हतं. मी शाळेत असायचो, नाहीतर झोपलेला असायचो.
म्हणजे त्या कपाटांतलं कुठलंही पुस्तक तिने वाचलेलं असू शकतं. किंवा नसू शकतं.

२२ मार्च, रविवार
वाचनालयात शेवटचं. डिपॉझिट परत घेतलं नाही, थत्तेकाकूंना म्हटलं राहू दे. सबनीसकाकांनी हाक मारली, "आ जा, हिरो." त्यांच्या नव्या पुस्तकात एकविसाव्या पानावर आडवी रेघ. खरंच बदलली. मी म्हटलं, काका, ठिपकेच काढा, मला आता माहीत आहे. ते म्हणाले, "तुला माहीत आहे रे. पण दिलेले परत घेत नसतात." आणि कोटऱ्याला येईन म्हणाले, पोहे-जिलेबी खायला. येणार नाहीत, पण म्हणाले.
डोळे मिटून एक पुस्तक उचललं, तिथेच बाकावर बसून चाळलं. कुणाचीच खूण नव्हती. एका जनावरांच्या डॉक्टरच्या आठवणी. बराच हसलो एका म्हशीवर. आई हसली असती की नाही, ठरवलं नाही.

२९ मार्च
उद्या ट्रक. भांडी पोत्यात, गाद्या बांधल्या. बाबा सुतळी ओढत होते, मी गाठ मारत होतो. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी जे बोललो, ते आईने सांगितलेलं नव्हतं. माझा समज झाला होता."
"हं," म्हणाले. गाठ झाली. पुढचं पोतं घेतलं.
मग मी विचारलं, "पण ती खूश होती का, इथे?"
सुतळी हातातच राहिली. म्हणाले, "झोपेत हसायची कधी कधी. सकाळी विचारलं तर सांगायची नाही. मग मी विचारायचं सोडलं." पोत्याचं तोंड नीट केलं, उगाच. "तू तर शेवटी सारखा जवळ होतास. तुला कधी काही म्हणाली होती का रे?"
मी पटकन हो म्हणणार होतो. त्यांचा चेहरा पाहिला आणि म्हणालो नाही. मागे एकदा "तिनेच" म्हणालो होतो.
"आठवून सांगतो," म्हटलं.
ते आत झोपले आहेत. मी आठवतो आहे.