दोन टप

शनिवार, ९ मार्च २०१९

गिझीताई,

तुझा खोका पोचला. आई ठणठणीत आहे, म्हणजे सगळ्यांशी भांडते आहे. तू पाठवलेला चहा तिने चाखला आणि म्हणाली, "इंग्लंडात गवत उकळून पितात तर पिऊ देत, गिझीला सांग मला कॉफी पाठव." तुझी रेनाता उंच झालीय. चॉकलेटच्या वेष्टनावरची अक्षरं बोट ठेवून वाचत बसते.

सोबत एक कागद आहे. त्यावर पालकाची सही लागते, म्हणजे तुझीच. फोनवर सांगणार होते. दोनदा लावला आणि दोन्ही वेळा थंडीबद्दल बोलून ठेवून दिला.

शाळेत घालण्याआधी रेनाताची चाचणी झाली, तेव्हा मी त्या खोलीत होते. आपल्या रोमा मुलांना धीर यावा म्हणूनच तर शाळेने मला ठेवलंय. चाचणी घेणाऱ्या बाईंनी बाहुलीचे कपडे मांडले, मध्ये टोपली ठेवली. म्हणाल्या, "सगळे कपडे एकत्र ठेव बघू." रेनाताने ब्लाउज टाकला, शाल टाकली. स्कर्ट आणि मोजे बाहेर ठेवले. बाईंनी ते उचलून टोपलीत घातले, हिने काढले. असं तीनदा झालं. मग "दुसरी टोपली नाही?" म्हणून विचारलं आणि रडायला लागली.

बाईंनी लिहिलं, सारख्या वस्तू ओळखता येत नाहीत, सांगितलेलं ऐकत नाही.

ताई, कमरेवरचे आणि कमरेखालचे कपडे, विटाळ नको म्हणून, आईने जन्मात कधी एका टपात पडू दिले नाहीत. मला सगळं कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण त्याच आठवड्यात एका शिक्षिकेने हसत विचारलं होतं, "तुमच्यात म्हणे कपड्यांना दोन टप लागतात?" आणि मी म्हटलं होतं, "छे, मी मशीनमध्ये सगळं एकत्रच टाकते." मला लाज वाटली. मी घड्याळाकडे बघत बसले. तुला मात्र कळवलं, पोर बुजली, काय करणार.

आता ती विशेष शाळेत मणी ओवते. तिथून साध्या शाळेत परत आलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

मंगळवारी आईला कपडे पिळू लागताना रेनाता मला म्हणाली, "मावशी, त्या बाईंना टपांचं ठाऊक नव्हतं. तुला तर ठाऊक होतं ना?"

मी हो म्हटलं. ती पिळत राहिली.

काल मुख्याध्यापिकेसमोर उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, माझ्याही घरी दोन टप आहेत." मग सगळं सांगितलं. फेरचाचणी मागता येते, हे त्यांनीच सांगितलं. सोबतचा कागद त्याचाच अर्ज आहे, तो महिनाअखेरीच्या आत यायला हवा. त्या दिवशी मी रेनाताच्या शेजारी बसेन आणि बोलेन.

मला हव्या तेवढ्या शिव्या दे, मी ऐकून घेईन. पण आधी सही कर. कागदाच्या मागे वाकड्या अक्षरांत रेनाताचं नाव आहे, ते तिने स्वतः लिहिलंय. तिला कुणीच शिकवलं नाही, मीसुद्धा नाही.

तिथे असून गप्प बसलेली,
तुझी माल्विना