पासष्टची काडतुसं

बाबा, परवा तुमची बंदूक मापून घेतली. बेसिंगस्टोकचा बंदुकांचा दुकानदार म्हणाला की पासष्ट मिलिमीटरची काडतुसं यापुढे तो ठेवणार नाही. जुन्या बंदुका कमी झाल्या, आणि ती खोकी माझ्याशिवाय फारसं कोणी नेत नाही. "सगळं जग सत्तरवर गेलंय, लव्ह. चेंबर लांबवून घ्या, नाही तर दिवाणखान्यात टांगा." मी म्हटलं, लांबवता येतं का ते बघा. नळीचं लोखंड तिथे पुरेसं जाड नसतं तर बंदूक कायमची निकामी करून घ्यावी लागली असती. निकामी केलेली बंदूक मला नको होती. तुमचं म्हणून माझ्याकडे चालतं असं दुसरं काही उरलेलं नाही.

तुम्ही मला हे सगळं स्वयंपाकघरात शिकवलंत. रविवारची सकाळ आहे. आई थालीपीठ लावते आहे, आणि तुम्ही तिच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बंदूक उघडून बसला आहात. शंभरेक वर्षांपूर्वीची, अमेरिकेतून आलेली, पुढचं लाकूड हाताने मागेपुढे ओढून चालवायची. दस्ता तुमच्या हाताच्या मापाने कापून घेतलेला, कारण मूळचा कुणा उंच माणसासाठी होता. नेमबाजीच्या क्लबात बाकी सगळ्यांकडे दोननळी. ते तुम्हाला काउबॉय ठरवून विचारायचे, "डॉक्टर, घोडा कुठे बांधलात?" घरात अंडं येत नव्हतं आणि तुम्ही दर रविवारी बंदूक घेऊन जायचात. आई म्हणायची, "अहो, आठवडाभर लोकांची हाडं जोडायची आणि सुटीच्या दिवशी फोडाफोडी?" तुम्ही म्हणायचात, "हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या गं. त्यांना कुठे हाडं असतात."

तर त्या टेबलावर तुम्ही दोन काडतुसं शेजारी उभी करता, एक न उडवलेलं, एक रिकामं. दोन्ही एकाच खोक्यातली, पण रिकामं उंच दिसतं. टोकाची घडी उलगडली की काडतूस लांब होतं. "खोक्यावर लिहितात ती ही लांबी," रिकाम्यावर बोट ठेवून तुम्ही म्हणता. "उडाल्यानंतरची. आपलं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, पासष्टची. पुढे नळी अरुंद होते. सत्तरचं बंद काडतूस त्यात आरामात जातं, काही अडत नाही. पण उडतं तेव्हा त्याला उलगडायला जागाच नसते. मग दाब वाढतो, आणि शंभर वर्षांचं लोखंड काय करेल ते सांगता येत नाही." मी म्हणते, "पण आत जातं ना?" तुम्ही म्हणता, "आत जातं म्हणजे बसतं असं समजू नकोस." आई तव्याकडे बघतच म्हणते, "परीक्षेत आहे का हे तिच्या?"

आणि तो दुसरा रविवार. मी लीड्सला शिकत होते, सुटीत घरी आले होते. तुम्ही मला बरोबर नेलंत, बंदूक माझ्या हातात दिलीत आणि काडतुसांची पिशवी आणायला गाडीकडे गेलात. शेजारच्या गृहस्थांनी प्रेमाने आपलं खोकं पुढे केलं. मी एक उचललं, आत सोडलं, लाकूड पुढे ढकललं. ते गुळगुळीत बसलं. तुमची पासष्टची लाल, ते निळं होतं. तेवढा रंग तुम्ही लांबून पाहिलात. "थांब! बोट काढ! नळी खाली, खाली धर!" सगळं मराठीत. मैदानावरचे सगळे वळून बघायला लागले. तुम्ही येऊन बंदूक घेतलीत आणि काडतूस बाहेर काढलंत. त्या गृहस्थांना ते परत देताना हसलातसुद्धा. मग बंदूक पिशवीत घातलीत. तुम्ही स्वतःही त्या दिवशी एक तबकडी मारली नाहीत. घरी येताना गाडीत एवढंच म्हणालात, "इतकं सांगून?"

नंतर तुम्ही मला कधी नेलं नाहीत. म्हणजे तशी वेळच आली नाही. फोनवर तुम्ही विचारायचात, "येणार कधी?" मी म्हणायचे, "बघू." पुढच्या हिवाळ्यात तुम्ही हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये कोसळलात, तिथेच गेलात. मी असं धरून चालले की बंदूक पुन्हा माझ्या हातात द्यायची नाही हे तुमचं ठरलं होतं. आईला बंदूक घरात नको होती, ती एका ओळखीच्याच्या कपाटात राहिली. आई गेल्यावर मी माझा परवाना काढला आणि ती आणली. भिंतीत बोल्ट मारलेलं स्टीलचं कपाट केलं. तेव्हापासून फक्त पासष्टची. ब्रॅकनेलला माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर काडतुसं मिळतात, पण सत्तरची. म्हणून शनिवारी बेसिंगस्टोक. घरी लेबल पुन्हा वाचते, कपाटात ठेवताना आणखी एकदा. एजवेअरला गणपतीला जाते तेव्हा बायका विचारतात, वीकेंडला काय करतेस गं? मी म्हणते, वॉकला जाते.

परवा दुकानदाराने नळी सोडवली आणि पितळी माप आत सरकवलं. ते माझ्या अपेक्षेपेक्षा पुढे गेलं. त्याने बाहेर काढून पुन्हा घातलं. मग नळी उलटी करून दिव्याखाली धरली.

"हे तर सत्तरचं आहे."

"नाही, पासष्टचं."

"कुणीतरी लांबवलंय. नीट, रीतसर. हे बघा, तपासणीचा शिक्का. नव्या लांबीला पास झालेली आहे." शिक्क्यात सालाची खूण असते. त्याने पुस्तकात पाहून साल सांगितलं. तुमचं शेवटचं वर्ष. मैदानावरच्या त्या रविवारनंतरचं. "मग तुम्ही एवढी वर्षं हट्टाने पासष्ट का घेत होतात?"

"वडिलांनी सांगितलं होतं."

"बरोबरच सांगितलं होतं," तो म्हणाला. "पुढचं सांगायचं राहिलं बहुतेक."

बाबा, मला कारण माहीत नाही. पासष्टची मिळवण्याचा तुम्हालाही कंटाळा आला असेल. कारागिराने सुचवलं असेल. स्वतःसाठी केलं असेल तर त्यात काही बिघडत नाही. पण तुम्ही त्या बंदुकीला बदल करू देणारे नव्हता. दस्ता सोडून कशालाही हात लावू दिला नव्हता. शंभर वर्षांची नळी आतून कापायची, मग ती तपासणीला पाठवायची, तिथे मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस उडवतात, नळी फुटली तर फुटली. एवढा धोका तुम्ही पत्करलात, आणि ती परत आल्यावर कोणीही पुढे केलेलं खोकं तिला चाललं असतं. निळंसुद्धा. येणार कधी, असं तुम्ही विचारत होतात तेव्हा ती परत आलेली होती का, एवढं मला कळायला हवं होतं. ते त्या शिक्क्यात नाही. त्यात फक्त साल आहे.

दुकानदाराने बंदूक जोडून दिली. म्हणाला, "सुटलात. आता इतक्या लांब यायला नको. ऑफिसजवळ मिळेल ते घ्या." बाहेर पाऊस होता, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्याने नेहमीसारखा माझ्यासाठी चहा ठेवला होता, दूध घालून, मला आवडतो त्यापेक्षा फिका. मी विचारलं, पासष्टची किती खोकी उरली आहेत? तो म्हणाला, मागे थोडी आहेत, पण आता कशाला? लांब चेंबरमध्ये आखूड काडतूस चालतं, हे मला माहीत होतं. मी सांगितलं, पासष्टचा धक्का कमी बसतो, आणि माझा खांदा हल्ली दुखतो. सगळी ठेवा, मी दर शनिवारी एकेक नेईन.

माझा खांदा दुखत नाही, बाबा.