आक्का बसेल अशी गाडी

शुक्रवार पेठ, सोलापूर
गुरुवार, दुपारची वेळ

ती. आक्कास,

धाकट्या मनकर्णाचा मनापासून जयभीम. तुझे गुडघे, तुझी म्हैस आणि तुझा राग या तिघांची खुशाली कळव. इकडे आम्ही बरे आहोत. पाव्हणे (तू आमच्या ह्यांना पाव्हणेच म्हणतेस, म्हणून या पत्रापुरतं मीही तेच म्हणते) रोज सकाळी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून माझ्याबरोबर चालायला जातात आणि येताना भजी खाऊन येतात. तब्येत त्यामुळे होती तिथेच आहे.

तू म्हणशील, घरात फोन असताना पत्र कशाला? आक्का, माझा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला, फोनचे उपकार मला माहीत आहेत. पण मी डोळ्यांच्या ऑपरेशनचं नाव काढलं की तुझ्याकडची रेंज जाते. म्हशीबद्दल बोलताना जात नाही, ऊसतोडीबद्दल बोलताना जात नाही, नेमकी मोतीबिंदूपाशी जाते. ‘आवाज येत न्हाय गं मने’ म्हणून तू फोन ठेवतेस. मी सुपरवायझर होते, लाइन गेलेली कधी आणि घालवलेली कधी हे मला कळतं. पत्राला ती सोय नाही. (उत्कर्षा, सावकाश आणि मोठ्याने वाच. आजी ‘म्होरलं वाच’ म्हणेल, तरी एकही ओळ गाळायची नाही. मी आल्यावर विचारणार आहे.)

तर विषय असा. आम्ही नवीन गाडी घ्यायची म्हणतो आहोत. आपल्यात मोठी तू. तुला विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही अशी मी पाव्हण्यांना ताकीद दिली आहे, म्हणून दोन्ही बाजू मांडते.

जुन्या गाडीत तुझं काय झालं ते सगळ्या मोडनिंबला माहीत आहे. तुला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला आलो होतो, तुमच्या धरणाकाठच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांनी दोन चर पाडलेत, त्यांच्या मधल्या उंचवट्याने गाडीचं पोट घासून निघालं. तरी निघालो. मोडनिंबला चहाला थांबलो आणि तुला उतरता येईना. सीट इतकी खाली की तू आत बसली नव्हतीस, पडली होतीस. मी दोन्ही हात धरून ओढते आहे, पाव्हणे पलीकडच्या दाराने पाठीला रेटा देत आहेत, हॉटेलातली माणसं कप हातात घेऊन बाहेर आलेली, आणि त्यातला एकजण म्हणतो, ‘आजी, जोर लावा की!’ तू बाहेर आलीस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, ‘त्या डबड्यात म्या पुन्हा न्हाय बसायची.’ तिथूनच उलटी एसटी धरून तू घरी गेलीस. चहासुद्धा घेतला नाहीस. दवाखान्याची वेळ गेली ती गेलीच. तुमच्या गावच्या शिबिरात डॉक्टर म्हणाले होते की फार लांबवू नका, पुढे ऑपरेशन अवघड होईल. एसटीने तू येऊ शकतेस हे खरं, पण ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर पट्टी बांधून गर्दीत परत कशी जाशील? तेव्हा गाडी हवी, आणि तू बसशील अशीच हवी.

पाव्हण्यांची मागणी वेगळी होती. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. उंचावरून रस्ता बघायची सवय. लहान गाडीत बसल्यावर त्यांना आपण रस्त्यावर मांडी घालून बसलोय असं वाटतं. त्यामुळे पहिल्या शोरूममध्ये ते थेट सगळ्यात मोठ्या गाडीकडे गेले आणि तिला हात लावून उभे राहिले, बऱ्याच वर्षांनी ओळखीचं कोणी भेटल्यासारखे.

पण मी एकटी गेले नव्हते. तुझ्या जागी बसवून बघायला शेजारच्या शिवलीलाबाईंना नेलं होतं. वय तुझं, वजन तुझं, गुडघे तर जुळ्या बहिणींचे असावेत असे. त्यांना त्या मोठ्या गाडीत चढवायचं ठरलं. एक पाय वर गेला, दुसरा खालीच राहिला, आणि त्या तशाच दाराला धरून ‘अव्वा, अव्वा’ असा कानडीत आईचा धावा करत लोंबकळल्या. पाव्हणे म्हणाले, डिकीत एक स्टूल ठेवू. मी म्हटलं, एसटीसारखी शिडीच ठेवा, गावाची पाटीपण लावा.

मग तिथल्या सोनम नावाच्या मुलीने आम्हाला मधल्या मापाची गाडी दाखवली. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. म्हणजे दिसायला जीप, वागायला कार. सोनम इंजिनाबद्दल बोलत होती, मी शिवलीलाबाईंना बसवलं. पलंगावर टेकावं तशा बसल्या आणि पलंगावरून उठावं तशा उठल्या! मी पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं. तिसऱ्यांदा बसल्या त्या उठेनात. मांडी घालून, लुगडं नीट करून, एसी लावायला सांगून बसल्या. ‘मनकर्णाबाई, असलं गार वारं आमच्या घरी न्हाय बघा. बसू द्या की थोडं.’ मागे दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, त्यांना म्हणाल्या, ‘तुमी त्या तांबड्या गाडीत बसा की.’

आता वाईट बाजू ऐक. छताला काचेची खिडकी आहे. सोलापूरच्या मे महिन्यात, जिथे आम्ही आहे ती खिडकी ओला पडदा लावून झाकतो, तिथे डोक्यावर आणखी एक! सोनम म्हणाली, ‘काकू, त्यातून डोकं बाहेर काढता येतं.’ मी म्हटलं, आमच्या घरात डोकं आत ठेवायच्या वयाचीच माणसं आहेत. शिवलीलाबाईंना मात्र ती फार पसंत पडली. आतून कुरडया वाळत घालता येतील, कावळ्याची भीती नाही, असं त्यांचं मत. शिवाय गाडीत एक बाई बोलते. बोलणं गोड, पण आपण मराठीत विचारलेलं तिला समजत नाही आणि समजलं नाही हे ती कबूलही करत नाही. आमच्या एक्स्चेंजला असती तर पहिल्याच आठवड्यात मेमो दिला असता.

सगळ्यात मोठी अडचण आमच्या बोळाची. तो किती रुंद हे कोणालाच नक्की ठाऊक नाही, कारण ओटे दरवर्षी थोडे पुढे येतात. मी घरची चादर घेतली (आपली सोलापुरी, दोघांच्या अंथरुणाची), एक टोक पाव्हण्यांच्या हातात, एक माझ्या, बोळात आडवी धरली. चादर आणि वर एक वीत. मग तीच चादर शोरूममध्ये नेऊन गाडीवर आडवी धरली. सोनमला वाटलं आमच्यात काही विधी असतो, ती बिचारी हात जोडून उभी राहिली. चादर दोन्हीकडे आरशांवरून ओघळली, म्हणजे गाडी बोळात जाईल. आत गेल्यावर दार उघडेल की नाही ते चादरीने सांगितलं नाही.

चालवून बघायला निघालो तर पाव्हणे स्टिअरिंग धरून नुसते बसलेले. मी समोरच्या फळीवर दोनदा टकटक केलं, तेव्हा गाडी हलली. सोनम मागून म्हणाली, ‘काकू, मजबुती बघताय का?’ तिला काय सांगू, डबल बेल पडल्याशिवाय हा माणूस निवृत्तीनंतरही हलत नाही. पुणे नाका ओलांडला. रस्त्याकडेला एका म्हाताऱ्या बाबांनी हात केला. आणि आक्का, पाव्हण्यांनी गाडी थांबवली. त्यांनी नाही, त्यांच्या पायाने. दार उघडून बाबा मागे चढले, शिवलीलाबाई सवयीने सरकल्या, बाबांनी मेथीच्या जुड्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि खिशातून आधार कार्ड काढून सोनमपुढे धरलं. ‘पंच्याहत्तर कवाच झाली. मोहोळ.’ एसटीत त्यांना तिकीट लागत नाही ना. सोनमने कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि अदबीने परत दिलं. मी पाव्हण्यांना म्हटलं, उतरवा त्यांना. तर म्हणतात कसे, ‘घेतलेला प्रवासी मधे सोडायचा न्हाय.’ गेलो मोहोळला. सोनम शोरूमला फोनवर सांगत होती, ‘सर, उशीर होईल, एक पॅसेंजर आहे.’ बाबा उतरताना मेथीची एक जुडी ठेवून गेले. भाजी चांगली निघाली.

धम्मप्रियाचा पुण्याहून फोन होता. लेक असली तरी बोलते सासूसारखी. या वयात नवी गाडी कशाला आई, दोघंच तर आहात, लागेल तेव्हा भाड्याने मागवा. पेट्रोलही जुनीपेक्षा जास्त पिते म्हणे. मी तिला एकच सांगितलं. मी कॉलेजला निघाले त्या दिवशी मोडनिंबला एसटी थांबेना, तेव्हा तुझी मावशी डांबरी रस्त्यात मधोमध जाऊन उभी राहिली होती. ड्रायव्हरने शिव्या दिल्या, ती हलली नाही, मी आत चढेपर्यंत. माझ्यासाठी जिने अख्खी एसटी अडवली, तिच्यासाठी एक गाडी दारात उभी करायची, त्यात कसलं वय बघायचं?

तर या दोन्ही बाजू. तू नीट विचार कर आणि काय ते कळव. तू नको म्हणालीस तर विषय संपला. मुलाला आशीर्वाद, म्हशीला पेंड.

तुझी धाकटी,
मनकर्णा

ता. क. गाडी परवाच घेतली. पांढरी आहे. बोळात गेली, दार अर्धं उघडतं, पाव्हणे पोट आत घेऊन उतरतात, भजी त्यामुळेच बंद झाली तर बरंच. वरचं सगळं लिहून झालं होतं, ते वाया घालवणं जिवावर आलं. शिवाय तुला विचारलं नाही असं नको व्हायला.

ता. क. दुसरा. (उत्कर्षा, हे फक्त तुझ्यासाठी. मनात वाच.) रविवारी सकाळी आम्ही येतो आहोत. आजीला सांग, गाडी दाखवायला येतायत. तिची दोन लुगडी, मिसरीची डबी, आधार कार्ड आणि शिबिरातल्या डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत भरून गुपचूप डिकीत ठेव. एकदा ती बसली की जरा चक्कर मारून आणतो म्हणून निघू ते थेट सोलापूर. म्हैस तुझ्या बाबांनी सांभाळावी. मी डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे.

ता. क. तिसरा. आक्का, तिने ते मोठ्याने वाचलंच असणार. ती गप्प झाली की तू दरडावतेस आणि पोरीला खोटं जमत नाही, तुझ्यावरच गेली आहे. तेव्हा आता सरळ लिहिते. गेल्या महिन्यात आम्ही आलो, तेव्हा मी तुझ्या अंगणात समोरच उभी होते. तू म्हणालीस, ‘कोण हाय?’ मी बोलल्यावर हसलीस आणि म्हणालीस, डोळ्यांवर ऊन आलं. आक्का, त्या दिवशी सकाळपासून आभाळ होतं.

आई गेल्यावर मला दारात बघून ‘वाळलीस की गं’ म्हणणारी तू एकटी राहिलीस. गेलं वर्षभर तू ते म्हणालेली नाहीस. मी यंदा चालून चालून चांगली वाळले आहे, आक्का. पाव्हण्यांच्या ते लक्षात येत नाही. तुला दिसायला हवं.