गोलकीपरचं नाव

आखाडा बाळापूर, मंगळवार, संध्याकाळ

कॉलेजची हॉकी टीम आज परत हरली. पाच गोल खाल्ले. हॉटेलात नुसता कल्ला. गणपतराव म्हणे, कोचच बदला. कुणी कॅप्टनला शिव्या घातल्या, कुणी मैदानातल्या खड्ड्यांना. गोलकीपरचं नाव मात्र कुणीच काढलं न्हाई. काहून काढतील? त्याचा बाप समोरच बसला होता ना, मी! उलट माझ्यापुढं चहा सरकवला. एरवी सगळ्यात जास्त तोंड माझंच चालतं. एकानं तरी तोंडावर बोलायचं होतं.

घरी आलो तर समीर दारातच बसलेला. "अब्बा, हॉटेलात माझ्याबद्दल काय बोलून राहिले लोक?"

"तुझं नावच निघालं न्हाई, बेटा."

धीर द्यायला म्हणालो मी. त्यानं पायाचे पॅड उचलून माझ्यापुढं ठेवले.

"पाच गोल खाऊन बी न्हाई? हे उद्या कॉलेजात तुमीच परत देऊन या."