बंदरानं ठेवून घेतलेला माणूस

प्रिय अंकुशचे बाबा,

तुमी होता तवा तुमाला कधी पत्र लिहिलं न्हाई. फोन होता की! आज लिहायलेय, कारण तिकडं खोलीत अंकुश बॅग भरायलाय. कुठं जायला? तुमच्याच बंदरावर, तुमच्याच गाळ उपसायच्या पोकलेनवर. आता भांडू तरी कुणाशी?

दसरा झाला की तुमी पिंगळीच्या स्टेशनावरून कोकणाची वाट धरायचे, अन् पाऊस तोंडावर आला की परत यायचे. खाडीच्या तोंडात दरसाली वाळू अन् गाळ साचतो, होड्या अडकतात, म्हणून तराफ्यावर मशीन चढवून तो उपसावा लागतो, एवढंच मला सांगितलेलं. माझ्या वाट्याला तुमचा पावसाळा तेवढा आला. बाकीचं सगळं वर्ष त्या बंदराचं.

अन् त्या पावसाळ्यात तरी कुठं माझे होता? ओसरीवर बसून मोबाईलमध्ये काय बघायचे, आठवतं? तिथल्या भरतीच्या वेळा! परभणी जिल्ह्यात बसून माणूस भरती बघतो! चहा निवून जायचा, तुमाला पत्ता न्हाई. बायका दुसऱ्या बाईवरून जळतात. मी चिखलावरून जळले.

शेवटी जीव पण तिथंच सोडलात. माझ्या दारात आली ती ॲम्ब्युलन्स.

तुमच्यामागं गाळाचं काम पडून राहिलं. तिथल्या लोकांनी अंकुशला फोन केला, "बाबांची मशीन तू चालव." शिकवलंत तुमीच त्याला. मी म्हणले, "चल, मी बी येते संग. तोंडावर न्हाई म्हणून येऊ."

गेलो. पोचलो तवा ओहोटी होती. खाडीच्या तोंडाशी एक होडी माणसांसकट वाळूवर बसलेली. आणायला जावं तर वाट न्हाई. धक्क्यावर बायका रिकाम्या टोपल्या घेऊन तिकडंच बघत उभ्या. त्यातली एक म्हातारी पुढं आली. पार्वतीमावशी, मासे विकणारी. मी कोण ते कळल्यावर माझा हात धरून म्हणाली, "तुझो घोव आमच्या बंदराचो माणूस होतो गे."

नवरा माझा, अन् ते 'आमच्या' मला लय लागलं.

मग ती तुमचं कौतुक सांगत बसली. तुमी म्हणे नकला करायचे, धक्क्यावरच्या बायका हसून हसून खाली बसायच्या. नकला! तुमी? घरात 'मीठ दे'च्या पुढं तुमचं बोलणं जायचं न्हाई! आमी काय घोडं मारलं होतं तुमचं? तिसऱ्यांचं, त्या शिंपल्यांचं, कालवण मागून खायचे म्हणे. अन् शेजारी अंडं फोडलं तरी घरी ताटावरून उठायचे! अंकुश हसायला लागला. मला त्याचाही राग आला.

त्यानंतर मावशीचा आवाज उतरला. तुमच्या छातीत कळ आली तवा तुमचं डोकं तिच्या मांडीवर होतं. गाडी यायच्या आत तिनंच तुमच्या तोंडात पाणी घातलं.

ते पाणी माझ्या हातचं असायला हवं होतं हो! तेवढं तरी माझं ठेवायचं होतं की!

मी विचारलं, "माझं नाव घेतलं का त्यांनी?"

मावशी खोटं बोलली असती तरी मी मानलं असतं. पण ती म्हणाली, "नाय गे. गाळातली होडी इली काय, तेवढाच विचारल्यान."

होडी आली का! जाताना हेच सुचलं तुमाला?

मी पदर तोंडाला लावून बसले होते, तेवढ्यात आरडाओरडा झाला. भरती लागली होती. होडी हलली, डुलली, अन् धक्क्याकडं यायला लागली. एक तरणी बाई साडी खोचून थेट पाण्यात गेली. होडीतून उतरलेल्या नवऱ्याचा दंड पकडला, "माझो जीव घेतलंस रे मेल्या!" म्हणत त्याला गुद्दे घातले, अन् मग त्याच्याच खांद्याला डोकं लावून रडली. तो नुसता हसायलाय.

तिच्यावर मी जेवढी जळले ना, तेवढी आजवर कुणावर जळले न्हाई. किती वर्षं तुमी दुसऱ्यांचे नवरे सांजच्याला घरी पोचवत होता! माझाच तेवढा कुणी पोचवला न्हाई.

अंकुश हळूच म्हणाला, "आई, काय सांगू यांना?"

'न्हाई' म्हणायलाच गेले होते ना मी? त्या बाईच्या ओल्या साडीकडं बघितलं अन् तोंडातून निघालं, "हो म्हण."

पण तुमाला माफ केलं असं समजू नका. मावशीला तर न्हाईच न्हाई. मी तिच्याशी बोलते चांगलं, पण तिच्याकडं तुमचं जे हाय ते माझ्याकडं न्हाई, हे मी कसं विसरू?

म्हणून ऐका. पोरगा एकटा जाणार न्हाई. शेत बटईनं, निम्म्या वाट्यानं, दिलंय. धक्क्याजवळ खोली बघायला त्याच मावशीला सांगितलंय, दुसरं कोण हाय तिथं माझ्या ओळखीचं? पिठाचा डबा अन् ज्वारीचं पोतं आमच्या संगच येणार. रोज सांज झाली की मी धक्क्यावर जाऊन उभी राहणार, अन् माझं पोरगं मशीनवरून उतरून माझ्याकडं येईपर्यंत हलणार न्हाई. तुमाला शब्द देते. एकदा त्या बंदरानं माझा माणूस ठेवून घेतला. आता मी रोज मागून घेईन.

अजून रुसलेली,
तुमची सुमन