तेवढं एक बोलणं हुकलं

प्रिय ताई,

तू माझ्यावर रागावली आहेस, हे भाचीच्या मेसेजवरून कळलं. तुझा फोन मी उचलत नाही, उचललाच तर नुसतं हो-हो करून ठेवून देते. ‘धाकटीला आता आपली गरज उरली नाही,’ असं तू म्हणालीस म्हणे. तसं नाही गं. सगळं सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगू दे.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही, कारण मीच कधी सांगितलं नाही. ते सांगायचं नसतंच. बेटावरचं कोर्ट ते केवढं! न्यायाधीश पलीकडून बोटीने येतात, समुद्र खवळला की तारीख पुढे. कोर्टाच्या मागची अडगळीची खोली मला दिली होती. तिथे मी सतरंजी अंथरली, वाळूने भरलेलं घमेलं ठेवलं, लाकडी माणसं, घरं, होड्या मांडल्या. ज्यांचे आईबाप भांडतात, ज्यांनी घरात नको ते पाहिलंय, अशी पोरं तिथे खेळतात आणि खेळता खेळता बोलतात. मी ऐकायचं, आणि मूल कुठे सुरक्षित राहील ते न्यायाधीशांना सांगायचं. पंचवीसेक वर्षं हेच केलं. बेटावर या कामाला दुसरं कुणी नाही, आणि काम संपवून घरी जायचं तर त्याच माणसांतून जायचं. ज्याच्या बायकोच्या पाठीवरचे वळ मी पाहिलेत, तोच दुकानात मला साखर मोजून देतो आणि ‘बाई, बरं आहे ना?’ म्हणून विचारतो. लग्नाला गेले की चार घरची माणसं एकदम गप्प होतात, म्हणून जाणं सोडलं. कधी एखादी मोठी झालेली मुलगी कडेवर लेकरू घेऊन समोरून येते, ओळख न दाखवता नुसती हसते. तेवढ्यावर निभावत आले.

गेल्या वर्षी तो दुकानदार म्हणाला, ‘साखर संपली.’ मी ऐकलं, ‘सासरे संपले.’ कळवळून विचारलं, ‘अरेरे, कधी?’ दुकानात हशा पिकला, मीही हसले. घरी आल्यावर मात्र डॉक्टरांची वेळ घेतली, कारण असं पहिल्यांदा झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान जाताहेत. यंत्र बसवलं, तर त्यात भांडी आपटल्यासारखं ऐकू येतं आणि मुलांचा बारीक आवाज नेमका गळून जातो. फोनवर तुझा आवाज म्हणजे नुसती घरघर. मी ओठ वाचायला शिकले, पोरांना खिडकीकडे तोंड करून बसवू लागले. कोर्टात सांगितलं असतं तर खोलीला कुलूपच लागलं असतं.

मग ती मुलगी आली. नाव लिहीत नाही, सवय नाही. सात वर्षांची. तिची आई धक्क्याच्या पायऱ्यांवरून पडून गेली, असं बाप सांगतो. मावशी म्हणते, पडली नाही. मुलगी त्या दिवसापासून एक शब्द बोलली नव्हती. ती कुणाकडे राहणार, ते कोर्टाला ठरवायचं होतं. महिनोन्‌महिने ती माझ्याकडे आली. मी काही विचारलं नाही, शेजारी बसून वाळू चाळत राहिले. हळूहळू ती मला खेटून बसू लागली. एकदा तिने माझ्या मुठीत एक होडी ठेवली आणि माझी बोटं मिटून टाकली.

त्या सकाळी बाहेर कुणीतरी बोटीचं इंजिन दुरुस्त करत होतं. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. मान खाली, हात वाळूत. आणि तिचा जबडा हलताना मला दिसला. ती बोलत होती, ताई! थांबून थांबून, बराच वेळ. त्यातला मला ‘आई’ तेवढा कळला. बाकी सगळं इंजिनाने गिळलं. मी पुढे वाकून म्हटलं, ‘बाळा, पुन्हा सांगशील?’ तिने वळून माझ्याकडे पाहिलं. आपल्यावर कुणाचाच विश्वास नाही, हे कळल्यावर माणूस जसं पाहतं ना, तसं. मग तिने हातावरची वाळू झटकली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, ‘बाई, मुलगी काही बोलली?’ मी म्हटलं, ‘बोलली, साहेब. मला ऐकू आलं नाही.’ मागून कुणीतरी फिसकन हसलं. साहेब रागावले नाहीत. ‘आधी सांगायचं होतंत,’ एवढंच हळू म्हणाले, आणि तेही मी त्यांच्या ओठांवरून वाचलं. बाप हात जोडून उभा होता. मावशीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. निकाल असा, की मुलीने तूर्त बालगृहात राहायचं. पुढच्या तारखेपर्यंत नवीन काही समोर आलं नाही, तर ती बापाकडे. मी राजीनामा दिला. खोलीत आता जुन्या फायली रचल्यात, आणि यापुढे पलीकडची एक बाई कॉम्प्युटरच्या पडद्यावरून मुलांशी बोलणार आहे.

ते बालगृह तुमच्या गावातलं आहे, ताई. तू दर आठवड्याला मुलींना विणकाम शिकवायला जातेस, तेच. आजवर एकाही मुलाबद्दल मी घरात अवाक्षर काढलं नव्हतं, आज तो नेम मोडतेय. ती डावखुरी आहे, भिंतीला पाठ लावून बसते, चटकन ओळखशील. तिला काही विचारू नकोस, माझी ओळख सांगू नकोस. नुसती शेजारी विणत बस. ती बोलेल असं मला वाटत नाही. एकदा वाया गेलेलं बोलणं मुलं सहसा परत काढत नाहीत, हे मी इतक्या वर्षांत पुरतं ओळखलंय. पण बोललीच, तर तिथल्या बाईंना लगेच सांग, त्या कोर्टाला कळवतील. आणि एवढं माझं ऐक, तिला ‘पुन्हा सांग’ म्हणू नकोस. पहिल्याच वेळी ऐकून घे.

तुझीच,
धाकटी