हंड्याचं गॅस्केट

मिस्त्री, त्या गॅस्केटला एक पैसा लागला नाही असं तुम्ही शेठना सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. लढाईमुळं मुंबईच्या दुकानांत माल मिळेना, तेव्हा तुम्ही घरचा तांब्याचा हंडा गोणपाटात गुंडाळून शेठच्या बसशेडवर आणलात. कापलात, लाल करून पाण्यात बुडवलात, ठोकून सपाट केलात, आणि इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये बसेल असा पत्रा कातरलात. काकू त्यानंतर मडक्यात पाणी तापवायच्या. हंडा गेला, घरात अबोला आला, आणि शेवटी तुमची जागा गेली. इतका महाग पत्रा मी पुढं कुठल्या गाडीत बसवला नाही.

माझं बरं चाललं आहे. भिसेगावात घर आहे, रस्त्याला लागून स्वतःचं गॅरेज आहे. नेरळपासून खोपोलीपर्यंत लोक सांगतात, हा माणूस बॉनेट उघडत नाही, गाडी फाटकातून आत येतानाच कानानं रोग ओळखतो. मीही नाही म्हणत नाही. कान माझे तिखटच. शेडच्या मागं तुम्ही बिडी पेटवायला लागलात की काडी घासल्याच्या आवाजावरून मला कळायचं, पेटी सादळली आहे.

ते बसचं इंजिन तुम्ही सबंध खोललंत आणि नव्यानं बांधलंत. मी तुमच्या हाताखाली होतो, दोन पोरांचा बाप, आणि बस चालवायचोही मीच. सपाटीला कशी रेशमासारखी पळायची. पण खालापूरकडं निघालो आणि पळसदरीचा चढ लागला, की रेडिएटरच्या तोंडातून वाफेचा फवारा. उतारू खाली, बस रस्त्याच्या कडेला. एके दिवशी काय होतंय ते बघायला तुम्ही मुद्दाम माझ्या शेजारी बसला होतात. एक भाजीवाली पाटी डोक्यावर घेत म्हणाली, “तिकीट मोटारीचं घेतलंस रं, आन् चढ आमच्या पायानं चढवतोस. मोटार दमली का आमी दमलो, सांग.” सगळे हसले. मीसुद्धा हसलो. तुम्ही मात्र झाकणाकडं बघत उभे होतात.

संध्याकाळी शेठ शेडवर आले. आवाज न चढवता म्हणाले, “मिस्त्री, आणखी एकदा ही बस रस्त्यात उकळली तर इंजिन मुंबईला जाईल आणि इथं मुंबईचा माणूस येईल. तुम्ही दोघं मग आपापलं बघा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छातीठोकपणे सांगितलं, पाण्याचा पंप गेलाय, बेरिंग खरखरतंय, मला ऐकू येतंय. तुम्ही वाद घातला नाहीत. पंप उतरवून उघडलात. पातं शाबूत, बेरिंग लोण्यासारखं. तुम्ही तो माझ्या मांडीवर ठेवलात. “कान हाय तुला. पण तू आदी ठरवतोस आन् मग ऐकतोस. हात लाव. गार का गरम, एवढं तर हाताला कळतंय ना.”

पंप परत चढवला आहे, इंजिन चालू आहे, आणि तुम्ही माझं मनगट धरून वरच्या रबरी नळीवर टेकवता. चटका बसतो. मग खालच्या नळीवर. ती गार, आडातल्या पाण्यासारखी. “वर चटका, खाली गार. म्हंजे काय झालं?” मी म्हणतो, पाणी फिरत नाही. “हां. एका जागी बसून शिजतंय.” इंजिन निवल्यावर तुम्ही रेडिएटर सोडवता, वरून बादली ओतता. पाणी खालून धो धो बाहेर. “पंप बरा, रेडिएटर बरा. मग अडतंय कुठं?” तुम्ही पाना उचलता आणि हेडच्या नटांना लावता.

हेड निघालं. तुमच्या तांब्याच्या पत्र्याला पाण्याची दोनच भोकं होती, तीही पुढच्या अंगाला. तुम्ही खिळ्याला टांगलेलं जुनं, जळकं गॅस्केट काढलंत आणि उजेडात धरून नखानं खरवडलंत. विहिरीच्या पाण्याचा पांढरा क्षार खपलीसारखा सुटला. खाली भोक. शेजारी आणखी एक. ती भोकं कधीची बुजलेली, आणि तुम्ही त्या जुन्यावरूनच नवं कातरलेलं. जुन्याचं दुखणं नव्यात इमानानं उतरवलं होतंत.

“डोळं गेलं रं माझं,” तुम्ही म्हणालात, जसं काही हत्यार सापडत नाही असं सांगावं.

शेठच्या वहाणांचा आवाज मी फाटकापासूनच ओळखला. भोकं पाडायला फार वेळ लागला नसता. पंपाचं काहीतरी सांगून वेळ निभावली असती, आणि मी तेच सांगायच्या बेतात होतो. तेवढ्यात तुम्ही उठलात.

“शेठ, पत्रा मी चुकीचा कापला. ह्यानं बाहेरनं ऐकून सांगितलं, पानी हेडात अडतंय. मुंबईचा माणूस कशाला आणता, शेड ह्याच्याकडं द्या. मला आता दिसत नाय.”

शेठनी माझ्याकडं पाहिलं. “खरं का रे?”

“हो,” मी म्हणालो.

भोकं पाडल्यावर बस पळसदरी न उकळता चढली. तुम्ही कोंडाण्याच्या बाजूला आपल्या गावी गेलात आणि मी निरोप धाडत राहिलो. लावणी झाली की येतो, दिवाळीत येतो. नवा हंडा घेऊन शेवटी आलो तेव्हा काकू मोकळ्या कपाळानं एकट्याच ओटीवर बसल्या होत्या. हंडा त्यांनी ठेवून घेतला. म्हणाल्या, “आल्यागेल्याला सांगायचे, माजा चेला लांबनं ऐकून इंजान वळखतो. सांगताना लई खूश असायचे.” मी चहा घेतला आणि उठलो. त्यांनाही खरं सांगितलं नाही.

हा कागद टपालात पडायचा नाही. तरी एवढं तुमच्या कानावर घालायचं राहिलं होतं. अजूनही गाडी आत आली की मी मान तिरकी करून ऐकतो, आणि गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलात चहाला गेलं की बॉनेट उघडून खालच्या नळीला हात लावून बघतो.